गावचा डॉक्टर, फ्रेंच शाळा आणि अकेडियन लोक: डॉक्टरच का?

मंक्टनकर

कॅनडात न्यू ब्रुन्सविक नावाचा एक छोटा प्रांत आहे. त्यातल्या मंक्टन शहरात माझं बस्तान आहे. इथे दोन मोठी इस्पितळं आहेत, एक इंग्रजी वळणाचं आणि एक फ्रेंच. फ्रेंचचं नाव डॉ. जॉर्ज एल. द्यूमाँ. हे गृहस्थ कोण म्हणून वाचायला बसलो. ते उत्तरेकडच्या कॅम्पबेल्टन गावचे डॉक्टर, पुढे प्रांताचे आरोग्यमंत्री. वाचता वाचता दुसऱ्याच एका डॉक्टरपाशी अडकलो आणि अजून तिथेच आहे. आल्बेर सोर्मानी.

थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर "हे क्वेबेकचं प्रकरण ना?" असा पहिला प्रतिसाद येणार हे ठरलेलं. क्वेबेक म्हणजे शेजारचा फ्रेंचबहुल प्रांत. पण हा क्वेबेकचा नाही, वेगळा समाज आहे. अकेडियन. १७५५ पासून ब्रिटिशांनी यांना घरादारातून उठवून जहाजांत कोंबलं आणि जगभर विखरून टाकलं. जे परत आले त्यांच्या सुपीक जमिनी दुसऱ्यांकडे गेलेल्या. मग हे उत्तरेच्या किनाऱ्यावर आणि जंगलात जाऊन राहिले, मासेमारी आणि लाकूडतोड करत. आज प्रांतात साधारण तीस टक्के लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे.

सोर्मानी मूळचे लामेकचे, म्हणजे मासेमारांच्या बेटावरचे. काराकेटच्या पाद्र्यांच्या कॉलेजात शिकले, क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात डॉक्टर झाले, आधी शेडियॅकला आणि मग एडमंडस्टनला दवाखाना थाटला. पुढे सोसिएते लासोम्प्सियाँ या अकेडियन विमा मंडळाचे अनेक वर्षं अध्यक्ष. आणि १९३६ साली अकेडियन शिक्षण संघटना निघाली तिचे पहिले अध्यक्ष हेच.

तर प्रश्न असा. नाडी बघणाऱ्या माणसाने शाळेतल्या क्रमिक पुस्तकांच्या मागे का लागावं? आणि हा एकटा नाही, द्यूमाँही डॉक्टरच. अल्पसंख्य भाषेची बाजू घ्यायला गावचा डॉक्टरच पुढे येतो, यात काही सूत्र आहे की योगायोग?

टिवल्याबावल्या

सोपं आहे. गावात एकट्या डॉक्टरचंच अक्षर कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे त्याने सरकारला काय लिहिलं ते कळेपर्यंत काम होऊन जातं.

डॉ. चंदगडी

टिवल्या, तू कधीतरी इंजेक्शन घ्यायला ये, मग बघतो.

मंक्टनकर, माझा दवाखाना चंदगड तालुक्यात, बेळगावच्या हाकेच्या अंतरावर. त्यामुळे प्रश्न मला जवळचा आहे. माझं उत्तर रोखठोक आहे: डॉक्टरला कुणी नोकरीवरून काढू शकत नाही.

तुम्ही म्हणता त्या काळात शाळामास्तराचा पगार सरकार किंवा शाळा समिती देणार. कारखान्यातल्या माणसाचा पगार मालक देणार. पाद्र्याला बिशप बदलून टाकणार. डॉक्टरला पैसे कोण देतं? पेशंट. तेही वेळेवर नाही. माझ्या वडिलांनीही इथेच प्रॅक्टिस केली. काजूच्या हंगामात फी म्हणून काजूबिया यायच्या, एरवी "डाक्टर, पुढच्या बाजाराला देतो". निम्मा तालुका त्यांचा देणेकरी. अशा माणसाने ग्रामसभेत उभं राहून काही म्हटलं तर त्याच्या तोंडावर कोण बोलणार!

दुसरी गोष्ट, तो प्रत्येक घराच्या आत गेलेला असतो. माजघरापर्यंत. पोरगं शाळा का सोडून बसलं, हे त्याला ताप बघता बघता कळतं.

मंक्टनकर

डॉक्टरसाहेब, कारखान्याचा मुद्दा तर अगदी बरोबर जागी बसला. एडमंडस्टन हे फ्रेझर कंपनीच्या लगद्याच्या कारखान्याचं गाव. गंमत बघा, गावापलीकडे सेंट जॉन नदी, नदीपलीकडे अमेरिका. लगदा कॅनडात तयार होतो आणि नळातून नदी ओलांडून पलीकडे मेन राज्यातल्या कागद कारखान्यात जातो. वस्ती नव्वद टक्क्यांहून जास्त फ्रेंच, पण मालक इंग्रज. अशा गावात आवाज करायची मुभा असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी: पाद्री, वकील, डॉक्टर.

शंकासूर

इथे सगळे आरती ओवाळायच्या आत एक खडा टाकतो.

डॉक्टर पुढे आला कारण शिकलेला तोच होता, बस्स. यांची ती कॉलेजं, १८६४ सालचं मेमरामकूकचं घ्या किंवा नंतरचं काराकेटचं, चालवायचे पाद्री. त्यातून निघायचे पाद्री, डॉक्टर, वकील. तेही मूठभर. कोळ्याचा पोरगा कोळीच राहायचा. मग या मूठभरांनी ठरवायचं की समाजाला काय हवंय. धर्म जपा, भाषा जपा, खेड्यात राहा, भरपूर मुलं होऊ द्या. पोटापाण्याचं कुणी बोलायचं नाही.

आणि कामाची पद्धत? १९२६ साली ओटावात ऑर्डर ऑफ जॅक कार्तिए नावाची गुप्त संघटना निघाली. शपथा, सांकेतिक खुणा, बंद दारं. तिच्या शाखा अकेडियन गावांतही होत्या. १९६५ साली ती बरखास्त झाली. लोकांच्या नावाने चळवळ आणि लोकांनाच पत्ता नाही, याला मी लोकचळवळ म्हणत नाही.

फुकट फौजदार

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंकासूर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

मास्तरीणबाई

शंकासूर, गुप्त संघटनेबद्दल तुमच्याशी सहमत, पण "पोटापाण्याचं कुणी बोललं नाही" याच्याशी नाही. त्यावर हिशेबनीस लिहितीलच, ते विमावाले आहेत.

मी शाळेबद्दल लिहिते, कारण तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले आणि कारण या धाग्यात अजून एकही बाई आलेली नाही.

१८७१ साली न्यू ब्रुन्सविकमध्ये सामायिक शाळांचा कायदा आला. सरकारी पैशाच्या शाळेत धर्मशिक्षण नाही. अकेडियन लोकांच्या दृष्टीने धर्म आणि भाषा एकाच गाठोड्यात बांधलेले, त्यामुळे फ्रेंच शाळाही पेचात. १८७५ च्या जानेवारीत काराकेटला दंगल झाली, त्यात लुई मायू हा १९ वर्षांचा पोरगा आणि जॉन गिफर्ड नावाचा स्वयंसेवक असे दोघे गेले. मग तडजोड झाली. पण तडजोडीनंतर वर्गात काय राहिलं बघा. लहान वर्गांत फ्रेंच वाचन. पुढे इतिहास, गणित, सगळी पुस्तकं इंग्रजी. शिकवणारी बाई फ्रेंच, ऐकणारी मुलं फ्रेंच, मध्ये पुस्तक इंग्रजी. बाईंचं स्वतःचं प्रशिक्षण झालेलं फ्रेडरिक्टनच्या नॉर्मल स्कूलमध्ये, तेही इंग्रजीत. फ्रेंच भाषेतलं अध्यापक विद्यालय मंक्टनला निघालं ते १९६८ साली!

आता विचार करा, त्या बाईने रोज काय केलं असेल. धडा मनात उलथापालथ करून मुलांना समजेल अशा बोलीत सांगायचा, आणि परीक्षक आला की पुस्तकातली इंग्रजी वाक्यं मुलांकडून घोकून घ्यायची. अर्ध्याहून जास्त वर्ष त्यातच जात असणार. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं नंदुरबारकडच्या पाड्यावर गेली. मुलं भिली बोलणारी, पुस्तक प्रमाण मराठीत. पहिल्या महिन्यात एक मुलगी "बाई, मी नाही येणार" हे सांगायलासुद्धा तोंड उघडत नव्हती, नुसती दाराला धरून उभी. पुढे तिनेच मला शिकवलं.

तर डॉक्टर मोठे असतील, पण भाषा टिकवली ती तुटपुंज्या पगारावरच्या शिक्षिकांनी आणि शाळा-इस्पितळं चालवणाऱ्या जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या नन्सनी. १९२४ साली मेमरामकूकला काही अकेडियन जोगिणी इंग्रजी वळणाच्या आयरिश मठातून बाहेर पडल्या आणि स्वतःचा संघ काढला. त्याबद्दल इथे कुणी धागा काढेल का?

ओटावाकर मावशी

मास्तरीणबाई, कडक! तो धागा तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

बाईंच्या यादीत आमच्या ओटावाचं एक टिपण. १९१२ साली ओन्टारिओने नियम १७ आणला, पहिल्या दोन वर्षांपुढे फ्रेंचमधून शिकवणं बंद. गीग शाळेत देलोज बहिणी, बेआत्रीस आणि दियान, शिकवतच राहिल्या. जानेवारी १९१६ मध्ये पोलीस आले तर आया टोप्यांच्या लांब पिना घेऊन दारात उभ्या. त्याला हॅटपिनची लढाई म्हणतात. नियम १९२७ साली गुंडाळला गेला.

आणि डॉक्टरांच्या यादीत आमच्या प्रांतातले राऊल उर्तुबीझ लिहा. सडबरीचे डॉक्टर, खासदार, नंतर सिनेटर.

टिवल्याबावल्या

सेफ्टीपिन लावून आंदोलन करणारी आमची आजी जन्माला आली चुकीच्या देशात.

शंकासूर

मास्तरीणबाईंना दंडवत. माझाच मुद्दा त्यांनी माझ्यापेक्षा चांगला मांडला. एवढंच विचारतो, आयरिश मठ म्हणजे कॅथलिकच ना? मग भांडण कशाचं?

मंक्टनकर

इथेच खरी मेख आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इंग्रज प्रोटेस्टंट विरुद्ध फ्रेंच कॅथलिक. पण सगळे बिशप आयरिश, इंग्रजी बोलणारे, आणि त्यांना वाटायचं की या देशात कॅथलिक धर्म वाढायचा तर इंग्रजीतूनच वाढेल. अकेडियन बिशप मिळायला १९१२ साल उजाडलं. म्हणजे आपल्याच धर्माच्या वरिष्ठांशी भांडायचं, ते पाद्र्याला कसं जमणार? पुन्हा डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्यावर आलो. डॉक्टर रविवारी पहिल्या बाकावर बसून बिशपचं प्रवचन ऐकू शकतो आणि सोमवारी त्याच्याविरुद्ध अर्जही लिहू शकतो.

दुसरीकडे ऑरेंज लॉजवाले, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट संघटनेचे लोक, होतेच. १९२८ साली प्रांत सरकारने नियम ३२ काढून द्विभाषिक शाळांना थोडी वाट करून दिली होती. लॉजवाल्यांनी एवढा गदारोळ केला की सरकारने तो नियम गुंडाळला. सोर्मानींची संघटना निघाली ती हा अनुभव पाठीशी असताना. म्हणून त्यांची चाल अशी की सरकारशी गाजावाजा न करता बोलायचं, पुस्तकं एकेक करून फ्रेंचमध्ये आणायची, शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालवायचे. शंकासूर याला बंद दार म्हणतील. मी म्हणेन दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यायले.

हिशेबनीस

माझं नाव निघालं म्हणून आलो. खरं तर रोज वाचतो, लिहायचा कंटाळा.

शंकासूर, पोटापाण्याचं कुणी बोललं नाही म्हणता? सोसिएते लासोम्प्सियाँची जन्मकथा बघा. १९०३, गाव वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स. म्हणजे अमेरिकेत! न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत आणि कारखान्यांत कामाला गेलेले अकेडियन. माणूस आजारी पडला की मजुरी बंद, मेला की बायकापोरं रस्त्यावर. म्हणून दरमहा थोडी वर्गणी, आणि अडचणीला मदत. परस्पर साहाय्य मंडळ, आपल्याकडच्या भिशीला शिस्त लावली की जे होईल ते. १९१३ साली मुख्य कार्यालय मंक्टनला आलं.

पण मला आवडलेली गोष्ट पुढची आहे. त्याच वर्गणीतून एक शिक्षणनिधी काढला होता. गावोगावच्या शाखा होतकरू पोरं निवडायच्या आणि त्यांना कॉलेजात पाठवायच्या. विम्याच्या हप्त्यात पोराचं शिक्षण! म्हणजे तो पाद्री-वकील-डॉक्टर कारखाना मूठभर श्रीमंतांच्या पैशावर नव्हता, गिरणीकामगाराच्या नाण्यांवर चालला होता. आणि अशा मंडळाच्या अध्यक्षपदी डॉक्टर असणं सोयीचंही आहे. विम्याला तपासणी लागते. माणूस धडधाकट आहे की नाही हे सांगणारा घरचाच.

शंकासूर

हे माहीत नव्हतं. चांगली माहिती. तरी निवड करणारे कोण? शाखेतला पाद्री आणि डॉक्टरच ना. पोरगा हुशार पण बाप चर्चला जात नाही, त्याचं नाव आलं असतं का?

हिशेबनीस

तुमच्या गावच्या पतपेढीत कर्ज कुणाला मिळतं?

शंकासूर

:))

बेळगावी कुंदा

धागा वाचून राहवलं नाही.

आम्ही बेळगावचे मराठी. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत आम्हाला म्हैसूरला जोडलं, तेव्हापासून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस. महाजन आयोग झाला, खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. माझ्या आजोबांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या, वडिलांनी १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पाहिलं. माझ्या वाट्याला आलाय जमिनीचा उतारा. सगळा कन्नडमध्ये, आणि कचेरीतला बाबू म्हणतो शेजारच्याकडून वाचून घ्या. मी कन्नड बोलते हो, बाजारात, बसमध्ये, मैत्रिणींशी, आनंदाने. कागदाचं तेवढं येत नाही.

मला हेवा वाटला तो सांगते. आमच्याकडे सगळी शक्ती एका मागणीत गेली, महाराष्ट्रात सामील व्हायचं. निवडणुका, मोर्चे, गटतट. या लोकांनी मात्र विमा मंडळ काढलं, पतपेढ्या काढल्या, शाळा, इस्पितळं. प्रांत तोच ठेवून. आमच्या पुढाऱ्यांना हे का सुचलं नाही?

डॉ. चंदगडी

कुंदाताई, तुमची निम्मी गल्ली माझी पेशंट आहे, तेव्हा जपून बोलतो. हे थोडं अन्यायाचं होतंय. बेळगावात मराठी लोकांनी शाळा, वाचनालयं, सहकारी बँका, सगळं काढलंय आणि चालवलंय. मोर्चे छापून येतात, वाचनालयाचा वार्षिक अहवाल छापून येत नाही.

तोरिनोचा पंत

आणि कुंदाताई, अकेडियनांपुढे शेजारच्या राज्यात जायचा पर्याय होताच. एडमंडस्टनहून क्वेबेकची हद्द जवळ. १९७२ साली पार्टी अकेडिएन नावाचा पक्षही निघाला, वेगळा अकेडियन प्रांत मागणारा. लोकांनी फारशी मतं दिली नाहीत.

मी उत्तर इटलीत आहे. मंक्टनकरांच्या यादीत एक डॉक्टर आमच्याकडूनही घ्या. आओस्ता खोरं, आल्प्सच्या कुशीत, फ्रेंच बोलणारं. इटली एक झाल्यावर तिथे इटालियन पुढे सरकवणं सुरू झालं. १९०९ साली फ्रेंचच्या रक्षणासाठी लीग वाल्दोतेन स्थापन झाली. संस्थापक आन्सेल्म रेआँ. पेशा? डॉक्टर!

मग मुसोलिनी आला. शाळांतून फ्रेंच गेलं, आणि १९३९ साली गावांची नावंसुद्धा इटालियन केली. ला थुईल या गावाचं केलं पोर्ता लित्तोरिया. कुरमायोरचं कोर्मायोरे. युद्ध संपल्यावर गावांनी जुनी नावं परत घेतली. १९४८ च्या स्वायत्ततेच्या कायद्यात लिहिलंय की शाळेत फ्रेंचला इटालियनइतकेच तास.

पण सूत्र मोडायला एक नाव देतो. त्या चळवळीतला सर्वांत मोठा हुतात्मा एमील शानू. १९४४ साली फॅसिस्टांच्या कोठडीत मेला. तो डॉक्टर नव्हता, नोटरी होता. खरेदीखतं लिहिणारा.

डॉ. चंदगडी

सूत्र कुठे मोडलं पंत? नोटरीही पेशंटकडूनच पैसे घेतो, फक्त जिवंत असेपर्यंत जमिनीचे आणि मेल्यावर मृत्युपत्राचे. त्यालाही प्रत्येक घरातलं भांडण माहीत.

फुकट फौजदार

डॉक्टर आज फॉर्मात आहेत. ओपीडी रिकामी दिसते.

नवखा पाखरू

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी न्यू ब्रुन्सविकला शिकायला येतोय. तिथे फ्रेंच येत नसेल तर काम मिळतं का? प्लीज सांगा. आणि थंडी किती असते?

मंक्टनकर

पाखरा, स्वागत. काम मिळतं, मंक्टनला इंग्रजीवर भागतं. पण दुकानात, इस्पितळात, सरकारी कचेरीत दोन्ही येणाऱ्याला आधी बोलावतात. जमलं तर येण्याआधी पायाभूत फ्रेंच कर. थंडीसाठी वेगळा धागा आहे, तो वाचून यायचा विचार बदलू नकोस.

ओटावाकर मावशी

मंक्टनकर, इस्पितळाचा विषय निघाला म्हणून लिहिते. डॉक्टर आणि भाषा यांचं नातं पुढारीपणापुरतं नाही, उपचारापुरतंही आहे.

ओटावात मोंफोर हे फ्रेंच इस्पितळ आहे, १९५३ सालचं. १९९७ मध्ये प्रांत सरकारच्या आयोगाने ते बंद करायचं ठरवलं. खर्च वाचवायचा, दुसरी इस्पितळं आहेत, तिथे दुभाषे मिळतील. २२ मार्च १९९७ ला सभागृहात दहा हजार माणूस जमला. पुढाकार जिझेल लालोंद या बाईंचा, माजी महापौर. लढा कोर्टात गेला आणि डिसेंबर २००१ मध्ये अपील न्यायालयाने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. इस्पितळ आजही आहे, आधीपेक्षा मोठं.

माझी शेजारीण फ्रेंच, वय ८० च्या पुढे. एरवी तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडली, खुब्याला लागलं. मी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिच्याजवळ बसले होते. एक शब्द इंग्रजीत निघाला नाही तिच्या तोंडून. मी इंग्रजीत विचारतेय आणि ती माझ्याकडे नुसती बघतेय. ॲम्ब्युलन्समधला पोरगा खाली वाकून फ्रेंचमध्ये बोलला, तेव्हा कुठे तिने कुठे दुखतं ते हाताने दाखवलं.

डॉ. चंदगडी

मावशी, हे रोजचं आहे. माझ्याकडे येणारा पेशंट "जीव घाबरा होतोय" म्हणतो तेव्हा मी ईसीजी काढतो. हाच माणूस शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेला आणि समोरच्या पोरगेल्या डॉक्टरला मराठी येत नसलं की तो म्हणतो "टेन्शन". मग त्याला झोपेची गोळी मिळते. असा एक माझ्या माहितीतला थोडक्यात वाचला, दोन दिवस उशिरा माझ्याकडे परत आला म्हणून.

अकेडियन लोकांनी डॉक्टर तयार करायचं काय केलं? सोर्मानी क्वेबेकला जाऊन शिकले. अजूनही तसंच आहे का?

मंक्टनकर

आता नाही. १९६३ साली मंक्टनला फ्रेंच विद्यापीठ झालं, पण वैद्यकीय शाखा नव्हती. डॉक्टर व्हायला क्वेबेकला जायचं आणि बरेच तिकडेच राहायचे. २००६ पासून शेरब्रुक विद्यापीठाचा वैद्यकीय अभ्यासक्रम इथे मंक्टनलाच पूर्ण करता येतो. २००८ पासून प्रांतात दोन आरोग्य यंत्रणा आहेत. एकीचं कामकाज फ्रेंचमध्ये, दुसरीचं इंग्रजीत, पण पेशंटला दोन्हीकडे हव्या त्या भाषेत सेवा द्यायचं बंधन. ते कितपत पाळलं जातं यावर इथल्या वर्तमानपत्रांत रोज भांडणं.

मास्तरीणबाई

थोडं अवांतर. तिथल्या ट्राकाडीला कुष्ठरोग्यांची वसाहत होती ना?

मंक्टनकर

हो. १८४४ साली आधी एका बेटावर टाकलं त्यांना, १८४९ साली ट्राकाडीला आणलं. १८६८ पासून जोगिणींनी सांभाळलं. १९६५ साली बंद झालं. त्या जोगिणींमुळे आसपासच्या फ्रेंच खेड्यांना इस्पितळही मिळालं. आनंदवन आठवलं ना?

मास्तरीणबाई

तेच आठवलं. पुन्हा बायका. थांबते.

शंकासूर

मला वाटतं तुम्ही सगळे खऱ्या कारणाला वळसा घालताय. अकेडियनांचं भलं ना डॉक्टरने केलं ना विमा मंडळाने. केलं ते १९६० साली निवडून आलेल्या लुई रोबिशोने, आणि तेही भाषेचं नाव न घेता.

तेव्हा शाळा आणि इस्पितळं काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घरपट्टीवर चालायची. काउंटी श्रीमंत तर शाळा पक्की, काउंटी गरीब तर शाळेला गळकं छप्पर. गरीब काउंट्या कुठल्या? ग्लॉस्टर, केंट, सगळ्या अकेडियन. रोबिशोने काउंटी परिषदाच मोडीत काढल्या, १९६७ पासून शाळा, आरोग्य, कल्याण सगळं प्रांताकडे, सगळीकडे सारखा दर. विरोधक ओरडले, पीटरला लुटून पिएरला देतायत, म्हणजे इंग्रजांचं काढून फ्रेंचांना. पण गरीब इंग्रज खेड्यांनाही तितकाच फायदा झाला. भाषांचा कायदा १९६९ साली आला, पैशाची वाट आधी मोकळी झाल्यावर.

सोर्मानी तीस वर्षं पुस्तकं बदलत बसले. रोबिशोने तिजोरी बदलली.

हिशेबनीस

शंकासूर, हे मात्र शंभर टक्के. पैसा कुठून येतो ते बघा, बाकी आपोआप कळतं.

मंक्टनकर

अर्धं मान्य. पण रोबिशो कुठून आला? केंट काउंटीतल्या खेड्यातला पोरगा, वकील झाला तो याच पाद्री-डॉक्टर मंडळींनी उभ्या केलेल्या कॉलेजांच्या जगातून. आणि त्याचा आरोग्यमंत्री कोण होता? कॅम्पबेल्टनचा डॉक्टर. ज्याच्या नावाच्या इस्पितळापासून मी हा धागा सुरू केला.

आणि शंकासूर, तुमची एक गोष्ट मी विसरलो नाही, बंद दारं. पुढच्या पिढीलाही ते पटलं नाही. १९६८ साली मंक्टनच्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, महापौर लेनर्ड जोन्स फ्रेंचच्या कट्टर विरोधात. पोरांनी महापौराच्या दारात डुकराचं मुंडकं नेऊन ठेवलं. डॉक्टर सोर्मानी तेव्हा म्हातारे झाले होते. त्यांच्या पिढीने हे कधीच केलं नसतं.

टिवल्याबावल्या

डॉक्टरांनी केलं नसतं, पण मुंडकं पाहून नाडी नक्की बघितली असती.

बेळगावी कुंदा

मंक्टनकर, एडमंडस्टनमध्ये सोर्मानींची आठवण म्हणून काही आहे का? पुतळा वगैरे? आमच्याकडे पुतळ्याशिवाय माणूस मोठा होत नाही.

मंक्टनकर

पुतळ्याचं माहीत नाही. हायस्कूलला त्यांचं नाव आहे, सिते दे जन ए. एम. सोर्मानी. पूर्ण फ्रेंच माध्यम, पुस्तकांसह.

नवखा पाखरू

सर, त्या शाळेत फ्रेंचचे संध्याकाळचे वर्ग असतात का?

मंक्टनकर

पाखरा, एडमंडस्टन मंक्टनहून गाडीने साडेचार तास. मंक्टनलाच शोध, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डॉ. चंदगडी

कुंदाताई, तुमचा तो उतारा घेऊन येत्या रविवारी दवाखान्यात या. माझा कंपाउंडर संकेश्वरचा आहे, कन्नड फर्डं वाचतो. फी काजूबिया.